सात नंबरचा उजवा पंख

३ मार्च, सोमवार

सात नंबर धुतलं आज. समुद्रावरून आलेलं विमान म्हणजे नुसतं मीठ — बोट फिरवलं की पांढरी रेघ! लढाऊ विमान म्हटलं की लोकांना वाटतं, ते कुठेतरी ढगांत असणार. आमचं लाटांना चिकटून उडतं. बांधलंच आहे त्यासाठी. बेटांवर चाल करून येणारं जहाज लांबूनच गाठायचं, क्षेपणास्त्र सोडायचं आणि वळायचं. रंगही पाण्याचाच, निळा. धुऊन पुसून उभं केलं की कसं देखणं दिसतं!

बावीस वर्षं झाली, पण अजून मन भरत नाही.

४ मार्च

कानाची तपासणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डावा कान उतरलाय.
"किती वर्षं हँगरमध्ये?"
"बावीस."
"मग कानाचं काय चुकलं?"
कागद साहेबांकडे जाणार. आणखी उतरला तर मला गोदामात बसवतील, स्क्रू मोजायला. घरी यांना अजून सांगितलं नाही.

६ मार्च, गुरुवार

आज नाही म्हणून आले.

सात नंबरची ठरावीक मुदतीची तपासणी होती. त्याचे पंख धातूचे नाहीत. कापडासारखे थरावर थर चिकटवून भाजलेले आहेत. थर सुटले तर वरून काही दिसत नाही. म्हणून छोटी हातोडी घेऊन इंच-इंच वाजवायचं. चांगल्या जागी टक् वाजतं, सुटलेल्या जागी थप्. उजव्या पंखाच्या मुळाशी थप् आलं. तीनदा वाजवलं, तीनदा थप्!

मशीन लावलं. मशीनवर सरळ रेघ, म्हणजे आत दोष नाही.

साहेब जवळ आले, हळूच म्हणाले, "बाई, कालच तुमच्या कानाचा कागद माझ्या टेबलावर आलाय." टोमणा नव्हता. काळजीनेच बोलले, म्हणून जास्त लागलं.
"उद्या सराव आहे. पाच विमानं हवीत. पाचच धड आहेत."
"चार धड आहेत, साहेब."
"मशीन म्हणतंय ठीक आहे."
"मग मशीनची सही घ्या!"

तोंडातून निघून गेलं. विमान उडायला ठीक आहे, या कागदावर सही मी केली नाही.

७ मार्च

सरावाला चारच गेली. डबा एकटीने खाल्ला. कोणी मुद्दाम टाळलं असं नाही, पण प्रत्येकाला नेमकं तेव्हाच काम निघालं!

दुपारी सात नंबरचा वैमानिक आला. इतका उंच की आम्ही त्याला शिडी म्हणतो. (त्याला माहीत आहे.)
"माझं विमान अडवलंत म्हणे."
"अडवलं."
"वाजवून दाखवा."
वाजवलं. आधी चांगली जागा, मग ती. तो वाकून, कान पंखाला लावून ऐकत राहिला.
"मला तर दोन्ही सारखेच वाटतात."
मी हातोडी खिशात ठेवली.
"पण तुम्हाला नाही ना वाटत? मग बास." आणि गेला.

८ मार्च, शनिवार

यांना सगळं सांगून टाकलं — कान, पंख, सही. हे कोट बेतत होते. कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, "भिंतीकडे तोंड करून बस."
"कशाला?"
"बस गं."
मागे एकेक बटण फरशीवर टाकायला लागले. मी ओळखायचं. शिंगाचं. पितळेचं. शिंपल्याचं. लाकडाचं. अकरापैकी दहा बरोबर! अकरावं ऐकूच आलं नाही. वळून बघते तर हे गालात हसतायत. टाकलंच नव्हतं! चावट माणूस.

किती दिवसांनी इतके हसलो. शेजारीण विचारायला आली, काय झालं म्हणून.

१० मार्च

विमान बनवणाऱ्या कारखान्याची माणसं बुधवारी येणार. झोप बरी लागली.

१२ मार्च, बुधवार

दोघे आले, मोठं मशीन घेऊन. पंखाच्या वरून लावलं, काही नाही. खालून लावलं, काही नाही. साहेब घड्याळ बघायला लागले.

म्हटलं, "पंखातल्या इंधनटाकीचं झाकण काढून आतून बघा एकदा."
तरुण इंजिनिअर कंटाळला होता. वयस्कर म्हणाला, "आलोच आहोत तर बघू."

झाकण काढायला दोन तास लागले. आतून मशीन लावलं आणि रेघ कोसळली! मला वाटलं होतं तळहाताएवढं असेल. निघालं ताटाएवढं. त्यांनी तेवढा भाग कापला तर आतून पाणी ठिबकलं. वयस्कराने बोटावर थेंब घेतला आणि चक्क जिभेला लावला.
"खारट."
मग म्हणाला, "आणखी दोन-तीन उड्डाणं..." आणि बोट पुसलं.

साहेब आत गेले, स्वतःची खुर्ची उचलून आणली आणि माझ्यासमोर ठेवली. "बसा." मी बसले.

१३ मार्च

साहेबांनी कानाच्या कागदावर शेरा मारला — "बाईंची हँगरमध्ये गरज आहे." मला दाखवून फाइलला लावला. बाकीच्या विमानांचेही पंख आतून तपासायचे ठरले.

मुलीचा फोन. "आई, तू साहेबांना उलटून बोललीस? तू?" बाबांनी तिखटमीठ लावून सांगितलेलं दिसतंय.

२४ मार्च, सोमवार

सात नंबर उडालं!

अकरा दिवस त्या पंखावर राबलो. थर घातले, भाजले, घासले, पुन्हा रंग. आज शिडीने ते पाण्यावरून इतकं खाली आणलं की मागे फेसाचा पट्टा उठला. मग वर, उलटं, परत सरळ. मी धावपट्टीच्या कडेला उभी. डोळ्यांत पाणी आलं. वारा फार होता, असं सगळ्यांना सांगितलं.

उतरल्यावर तो म्हणाला, "आता मलाही ऐकू येतंय. टक् टक्." खोटं बोलत होता, पण बरं वाटलं.

मला माझं काम आवडतं. एवढं वाक्य लिहायला बावीस वर्षं का लागली कोण जाणे.

३१ मार्च

सगळ्यांच्या रजा रद्द. मोठा सराव असेल.

३ एप्रिल, गुरुवार

सराव नव्हता. सकाळी सात नंबर चार क्षेपणास्त्रं घेऊन गेलं. दुपारी आलं ते रिकामं. शिडी खाली उतरला, कोणाकडे न बघता चालत गेला. साहेब म्हणाले, बुडवलेल्या जहाजावर दीडशे माणसं होती म्हणे.

मी विमान धुतलं. पंखाला काही झालेलं नाही.

घरी यांनी विचारलं, "कसा गेला दिवस?"
"विमान परत आलं," म्हटलं.