फळी दातांत कोण धरणार

मी, खाली सही करणारी, कागदोपत्री नाव वेगळं असलं तरी घरीदारी भिंगरी म्हणूनच ओळखली जाणारी, धंदा गिटारी बनवणे, शिक्षण नववी आणि तेही अर्धवट, आज माझ्या स्वतःच्या बाकावर बसून, सगळे नको नको म्हणत असताना, राजीखुशीने हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला हवा असेल तर तो हृदयाच्या डॉक्टरांकडून घ्यावा. बिघाड झडपेत आहे, वर सगळं ठीक आहे, असं ते स्वतः म्हणाले. उद्या सकाळी ती झडप बदलणार आहेत. मी परत येणार आहे. पण माझ्या पायांचा भरवसा मलाच कधी नव्हता, म्हणून लिहिलेलं बरं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण ठेवून जाण्यासारखं काही नव्हतंच.

कलम पहिले, जागेबद्दल. माझी स्थावर मालमत्ता म्हणजे हा कारखाना. हा आधी दातांचा दवाखाना होता. त्याचे मालक, दातांचे डॉक्टर, ज्यांना मी काका म्हणते (नात्याने कोणी नाहीत), यांचे कान दात कोरायच्या मशीनच्या किंचाळण्याने गेले. पेशंट "दुखतंय" म्हणायचा आणि काकांना कळायचं नाही. तेव्हा त्यांनी दवाखाना बंद केला आणि उतारवयात गिटारी करायला घेतल्या. ऐकू येत नाही म्हणून माणूस गिटारी करायला लागला, हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसले होते. हसताना दाढ ठणकली, कारण मी दाढ दुखते म्हणून आत शिरले होते. दवाखाना बंद झालाय हे मला माहीत नव्हतं आणि पाटी काढायची काकांना आठवण नव्हती.

त्याआधी मी बोटींना रंग दिला, फिरत्या जत्रेत पाळण्याची तिकिटं फाडली, एका रेनकोटवाल्याबरोबर गावोगाव हिंडले. रेनकोटवाला भला माणूस होता, पण त्याचे रेनकोट गळायचे. असो. काकांनी दाढ काढली, आणि तोंडात कापूस असल्याने मला बोलता येत नाही हे बघून म्हणाले, "आता हे धर." ती गिटारीच्या पोटाची वरची फळी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढे निघणार होते. ती सकाळ अजून उजाडायची आहे.

आपणच आधी जाणार असं धरून काकांनी गेल्या वर्षी ही जागा माझ्या नावे केली. आता मी काही न लिहिता गेले तर ती माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला मिळेल. दादाचं गॅरेज पलीकडच्या गल्लीत, आमच्या मागच्या भिंतीला लागून आहे. मधली भिंत पाडून इथे गाड्या उचलायचा जॅक बसवायचा, हे तो कितीदा तरी बोलून दाखवतो. जागा काकांना परत देते म्हटलं तर ते म्हणाले, "दे. मी कुलूप लावतो आणि गप्प बसतो." त्यांना जागा नकोय. त्यांना काय हवंय ते पुढच्या कलमात आहे, आणि हे मृत्युपत्र मुळात त्याच्यासाठीच आहे.

कलम दुसरे, दातांबद्दल. वरच्या फळीला आतल्या बाजूने बारीक पट्ट्या चिकटवतात आणि त्या थोड्या थोड्या तासतात. प्रत्येक वेळी बोटाच्या पेराने फळीवर ठोकून ऐकायचं. आधी ती ठक ठक करते, मुकी. मग आवाज पसरायला लागतो. आणखी तासलं की आवाज मोठा होतो पण ढिला पडतो, आणि ती फळी पुढे तारांच्या ओढीने खचते. मोठा होणं आणि ढिला पडणं याच्या अलीकडे एक जागा असते, तिथे हात थांबला पाहिजे. काकांना कानांनी हे ऐकू येत नाही, म्हणून ते फळीची कड दातांत धरून ठोकायचे. आवाज दातांतून कपाळात चढतो. कडेवर दातांचे व्रण उठतात, पण ती कड शेवटी कापूनच टाकायची असते. कितीतरी गिटारी त्यांनी अशा केल्या आणि एकीतही खोट निघाली नाही.

मग काकांचे स्वतःचे दात गेले. जन्मभर लोकांच्या तोंडात बघणाऱ्या माणसाने आपल्या हिरड्यांकडे बघितलं नव्हतं. कवळी बसवली आणि त्या कवळीने घात केला. ती जरा खडखडते, फळीचा आवाज कपाळापर्यंत पोचू देत नाही. काकांना वाटलं फळी अजून मुकीच आहे. ते तासत राहिले. ती गिटार गाणं शिकवणाऱ्या बाईंची होती. थोड्याच महिन्यांत तिचं पोट ब्रिजखाली, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या पट्टीखाली, खचलं आणि बाई ती घेऊन दारात उभ्या राहिल्या. काकांनी रंधा फडक्यात गुंडाळून मला दिला. म्हणाले, "आता माझ्या हाताला लाकूड लागू देऊ नकोस."

मी म्हटलं, "हात तुमचेच. तोंड माझं."

तेव्हापासून फळी मी दातांत धरते, काका ठोकतात आणि तासतात. जागा आली की मी बोट वर करते. मी वाद घालू शकत नाही, कारण तोंडात फळी असते. काका म्हणतात, त्यामुळेच हा कारखाना चालला.

बाईंची नवी गिटार आता अर्ध्यावर आहे. पट्ट्या चिकटवल्यात, तासणं अजून पुरं व्हायचंय, आणि इस्पितळाने तारीख अलीकडे ओढली. मी परत आले नाही तर फळी धरणार कोण? बाईंना दिलेला शब्द मोडेल, पण त्याहून मोठं म्हणजे काका पुन्हा रंधा फडक्यात गुंडाळतील. हे मी होऊ देणार नाही.

कलम तिसरे, दादाबद्दल. दादा माझ्या कामाला काड्यापेट्या म्हणतो. मी घर सोडलं तेव्हा त्याने सगळ्यांना सांगितलं की भूक लागली की येईल परत, आणि माझी सायकल विकून टाकली. सायकलचा विषय मी या मृत्युपत्राद्वारे कायमचा मिटवते. तिची घंटी मात्र त्याने गॅरेजच्या दाराला लावली आहे. ती काढून कारखान्याच्या दाराला लावावी.

परवा दादा इथे आला तो मला ओरडायला, की तू सामान कसलं भरतेस, मृत्युपत्र कसलं लिहायला निघालीस, वेडी आहेस का. काका बाकावर होते, त्यांना काहीच ऐकू आलं नाही, ते दादाकडे बघून नमस्कार करून हसले. माझं एकदम लक्ष गेलं, की दादाच्या खिशात लांब स्क्रूड्रायव्हर आहे. इंजिनात कुठलं बेअरिंग वाजतंय हे कळायला तो त्याचं टोक इंजिनाला टेकवतो आणि मूठ दातांत धरतो. लहानपणापासून मी हे बघत आले आणि कधी डोक्यात आलं नाही. मी बाईंच्या गिटारीची फळी उचलून त्याच्यापुढे धरली. म्हटलं, चाव. तो म्हणाला लाकूड आहे ते. मी म्हटलं, तुला कुठे गिळायचंय? काकांनी ठोकलं. दादाचा चेहरा बदलला. त्याने पुन्हा ठोका अशी खूण केली, मग फळी तोंडातून काढून म्हणाला, "डावीकडे जड आहे."

काकांनी त्याच्या ओठांकडे बघून वाचलं आणि डावीकडची पट्टी जरा तासली. माझ्या मते तेवढ्याने पुरे झालं. दादाच्या मते अजून हवं. आम्ही यावरून जेवेपर्यंत भांडलो आणि सायकलचं नाव एकदाही निघालं नाही.

म्हणून मी लिहून ठेवते की, माझ्या पश्चात हा कारखाना माझ्या दादाला मिळावा. अट अशी, की काका हयात असेपर्यंत खिडकीजवळचं बाक त्यांचं राहील, भिंत पाडली जाणार नाही, आणि काका म्हणतील तेव्हा दादाने गॅरेज सोडून यावं आणि फळी दातांत धरावी. बोट वर करताना लाज बाळगू नये. मी नसताना काकांनी त्याचं ऐकावं. मी असताना माझं. दादाने अट मोडली तर जागा काकांना परत जाईल, ते कुलूप लावतील, आणि त्या कुलपाची चावी रोज दादाच्या डोळ्यांसमोर शेजारच्या किल्लीवाल्याकडे टांगलेली राहील.

कलम चौथे, हत्यारं आणि इतर. रंधे, पटाश्या, कानशी कारखान्यातच राहतील. दात बघायचा छोटा आरसा, ज्याने आम्ही गिटारीच्या पोटात डोकावतो, तो काकांचाच होता, काकांचाच राहील. पेशंटची खुर्ची वहिनीला द्यावी, तिला ती बसल्या बसल्या मागे झुकवायला आवडते. माझ्याजवळच्या पैशांतून आधी इस्पितळ, मग लाकूडवाला. उरलं तर देवदाराच्या आणखी फळ्या घ्याव्यात. हॉटेलात बसून माझ्याबद्दल "ती काय टिकणार" म्हणणाऱ्या वाद्यांच्या दुकानदाराला मी काहीही ठेवत नाही. त्याने दुकानातून एकदा इकडे बघावं, एवढंच.

कलम पाचवे. बाईंच्या गिटारीच्या फळीवर आतून तीन नावांची जागा आहे. माझं मी पेन्सिलीने लिहून टाकलं आहे. ते खोडू नये, कारण मी ती फळी ऐकली आहे. दुसरं काकांचं. तिसरं ज्याचं त्याला ठाऊक.

मी परत आले तर हे मृत्युपत्र रद्द समजावं. कागद चांगला आहे, वाया घालवू नये. त्याच्या पट्ट्या कापून मागच्या फळीच्या सांध्यावर आतून चिकटवाव्यात.

सही: भिंगरी
स्थळ: कारखाना, माझं बाक
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस, दुपार

साक्षीदार: आम्ही खाली सह्या करणारे सांगतो की, भिंगरीने यावर आमच्यासमोर सही केली. त्या वेळी ती पूर्ण शुद्धीत होती आणि भांडत होती.
१. शेजारचा किल्लीवाला
२. वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई

(खाली, ग्रीस लागलेल्या बोटांच्या ठशाशेजारी, वेगळ्या अक्षरात)
वाचलं. घंटी लावली. डावी बाजू अजून जड आहे. तू आल्याशिवाय हात लावू देणार नाही. ये आणि भांड.
— दादा