बाभळीची उटी

वस्ताद, परवा गाडीचा ब्रेक गेला. तुमच्याच गाडीचा म्हणायला हवं. वकीलसाहेबांनी ती नवी कोरी आणली तेव्हा तिला पहिलं हँडल तुम्ही मारलंत, आणि तुम्ही गेल्यापासून मी रोज तीच चालवतो, सकाळी कोर्ट, संध्याकाळी सिद्धेश्वराचं देऊळ. हुडाला ठिगळं आहेत, एक दिवा आंधळा आहे. असल्या तीन पायडलांच्या गाड्या आता सोलापुरात थोड्याच उरल्या. गाडीचं सांगायला बसलो आहे खरा, पण मनात आहे ती तुमची उटी. उतारावर गाडी उभी केली की चाकाखाली लावायचा तो बाभळीचा तिकोनी ठोकळा, तुम्ही स्वतः तासलेला, तेलानं काळा पडलेला. तो तुम्ही दुसऱ्या चेल्याला दिलात. मला नाही.

तो चेला मंगळवेढ्याकडचा, मेंढरं विकून शहरात आलेला, माझ्याहून वयानं लहान आणि माझ्यानंतर तुमच्या हाताखाली आलेला. मी शेतकऱ्याचा मुलगा, गावच्या शाळेत चार इयत्ता झालेल्या, हातात जन्मापासून बैलांचा कासरा. पहिल्या दिवशी गाडीसमोर कुत्रं आलं तेव्हा मी स्टेअरिंगचं चाक दोन्ही हातांनी छातीशी ओढलं आणि ओरडलो, "हो, हो, होऽ!" गाडी कुठली थांबते? शेजारून तुम्ही हातब्रेक खेचलात. "बैलां हैं क्या रे? खींचने से रुकते? पाँव कहाँ है तेरा? सो गया क्या?" रस्त्यावरची माणसं हसली. नंतर कितीतरी दिवस तुम्ही मला मैदानात नेऊन एकच गोष्ट करायला लावलीत: उजवं, ब्रेकचं पायडल मेलं असं समजायचं, डावं अर्ध्यावर धरायचं, आणि मधलं, मागे जायचं पायडल हलक्या पायानं दाबत गाडी थांबवायची. जरा जास्त दाबलं की गुडघ्यावर चापट. त्याला मात्र कधी चापट नाही. त्यानं हॉर्न वाजवला तरी "शाबास बेटे". तुम्ही हँडल मारताना बिस्मिल्ला म्हणायचात, मी मनात सिद्धेश्वराचं नाव घ्यायचो, आणि खरं सांगतो, त्याच नावाबरोबर तुमच्या तोंडची एक शाबासकीही मागायचो.

तुमचं अखेरचं दुखणं अजून डोळ्यांसमोर आहे. ऊब मिळावी म्हणून तुमची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी घातली आहे. चाची चुलीपुढे भाकरी थापताहेत, मधूनच पदरानं डोळे पुसतात आणि धुराला बोल लावतात. मी तुम्हांला पाणी पाजतो आहे. तुम्ही खाटेखाली हात घालून उटी काढता आणि माझ्या हातावरून पलीकडे, त्याच्या ओंजळीत ठेवता. मग माझ्याकडे बघता. "तू पाँव संभाल." एवढंच. मला वाटलं, जाता जाताही टोचलंत. बाहेर आल्यावर तो ती उटी पोटाशी धरून रडला. मी रडलो नाही. मी उटीकडे बघत होतो.

तर परवाचं. तळ्याकडे उतरणारा देवळाचा रस्ता. मागे मालकीणबाई, मांडीवर पूजेचं ताट. खाली उतारात एक विणकर बाई सुतानं भरलेली हातगाडी रेटत चाललेली. मी उजवं पायडल दाबलं, ते सरळ फळीला टेकलं. आतल्या पट्ट्याचं अस्तर पार संपलेलं. हातब्रेक ओढला, तो तर केव्हाचाच नावापुरता. आणि वस्ताद, इतकी वर्षं गाडी हाकलेल्या मी काय करावं? चाक छातीशी ओढलं आणि ओरडलो, "हो, हो, होऽ!" मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, बैल कुठले? गाडी थांबवा!" त्याच क्षणी गुडघ्यावर चापट बसल्यासारखं झालं. डावं अर्ध्यावर, मधलं हलकेच. गाडी थरथरली, ओरडली, आणि हातगाडीपासून हातभरावर थांबली. ती बाई "अय्यो" म्हणून सुताच्या गठ्ठ्यावरच बसली.

पण थांबली म्हणजे सुटलो असं नव्हतं. पाय काढला तर गाडी पुन्हा उतरणार, जास्त दाबला तर मागे जाणार. पोटरीत गोळा आला. आणि समोरून कोण धावत यावं? तोच. देवळापाशी भाड्याची मोटार घेऊन तो उभा असतो. हातात तुमची उटी. खाली वाकून त्यानं ती पुढच्या चाकाखाली सारली, लाथेनं ठोकून घट्ट केली, आणि मान वर करून म्हणाला, "काडा पाय आता, आण्णा. बैलं थांबली की!"

माणसं जमली. "वस्तादाचा खरा चेला बघा," एक पानवाला म्हणाला, त्याच्याकडे बोट दाखवून. मालकीणबाईंनी देवाचा नारळ तिथंच त्याच्या हातात ठेवला. मला म्हणाल्या, "तुम्ही पाणी प्या जरा." देवळाच्या वाटेवर माझ्या आत काय पेटलं ते सांगवत नाही.

तो मात्र माझ्याजवळ फूटबोर्डावर बसला. हळूच म्हणाला, "आण्णा, मला असं मधल्या पायडलावर गाडी धराया न्हाय जमत. लई डाव करून बगितलं. वस्तादांनी तुमाला पाय दिला, मला लाकूड. माज्या पायाचा त्यांना भरवसाच नव्हता की. तवापास्नं जळतोय मी तुमच्यावर."

"तू? माझ्यावर?"

"व्हय. मैदानात तुमाला चापटा पडायच्या आन् मी झाडाखाली बसून बगायचो."

यावर माझं मन निवायला हवं होतं. नंतर देवळात पिंडीसमोर डोळे मिटून बसलो तेव्हा वाटलं, निवेल. तुम्ही मला काय दिलंत ते समजलं. जे दिलंत त्यानं त्या बाईचा जीव वाचला, हेही समजलं. पण समजणं वेगळं, वस्ताद. पाय कुणाला दाखवता येत नाही. उटी हातात धरता येते. ती तुमच्या ओंजळीतून आलेली असते.

त्या दिवशी जाताना तो म्हणाला, "राहू द्या उटी चाकाखाली. उद्या न्हेतो." पट्टा नवा बसला, ब्रेक आता चांगला लागतो. काल तो उटी मागायला आला. मी सांगितलं, मिस्त्रीकडे राहिली.

ती मिस्त्रीकडे नाही. माझ्या खाटेखाली आहे, तुम्ही ठेवायचात तशी. हे लिहिताना मधूनच हात घालून चाचपतो. तुमचा पत्ता मला ठाऊक नाही, म्हणून हा कागदही घडी करून तिथंच सारतो. उटी त्याची त्याला द्यायचीच आहे. फक्त आज नाही.