सोंगाड्या माश्यांचे पत्ते

तीर्थरूप काकांना पुतण्याचा साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता ना, की शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून हात खिशात घालून उतरता? खोकल्याचं औषध संपलं म्हणून थांबवलं की कंटाळा आला म्हणून? आम्ही सगळे मजेत आहोत. पत्राला विशेष कारण नाही. (आता तुम्ही चष्मा पुसायला घ्याल. 'विशेष कारण नाही' असं लिहिणाऱ्याने हमखास काहीतरी मोडलेलं असतं, हे तुमचंच वाक्य.) तर मोडलेलं काही नाही. फक्त उडालेलं आहे.

तुम्ही संग्रहालयाला दिलेला माश्यांचा खण माझ्याच ताब्यात असतो. चाळीस माश्या, सगळ्या मधमाशीचं सोंग घेतलेल्या, म्हणून तुमच्या भाषेत सोंगाड्या. प्रत्येकीच्या टाचणीला खाली एक चिठ्ठी, ती कुठे सापडली याची. काकूच्या अक्षरातली. शाई फिकी होत चालली म्हणून जोडीला नव्या चिठ्ठ्या लिहायचं ठरलं. नियम असा, की एका वेळी एकच माशी घ्यायची, तिची चिठ्ठी काढायची, नवी लिहायची, दोन्ही टाचायच्या आणि मगच पुढची. हा नियम मला तुम्हीच कान धरून शिकवलात. पण मी म्हटलं, चाळीस वेळा तेच ते कशाला? सगळ्या चिठ्ठ्या एकदम काढल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. माझी हुशारी मला अशी अधूनमधून गाठते.

आणि नेमकी तेव्हाच खिडकीतून एक जिवंत सोंगाडी आत आली. झाडलोट करणाऱ्या मावशी 'अगं बाई, मधमाशी!' म्हणून केरसुणी घेऊन दाराआड गेल्या. मी त्यांना शांतपणे समजावलं, की मावशी, ही साधी माशी आहे, हिला नांगीच नाही, हिची सोंड नुसती फुलातला रस पिण्यापुरती. (सोळा वर्षं मी शाळेच्या मुलांना हेच सांगत आलोय.) इथवर माझी अब्रू शाबूत होती. मग ती माशी माझ्या कानाशी येऊन एका जागी तरंगत गुणगुणायला लागली. पुढचं मला नीट आठवत नाही. मी स्टुलावर होतो एवढं खरं. मावशींनी तिला हाकलायला पंखा लावला, तोही एकदम पाचावर, आणि चाळीस चिठ्ठ्या खोलीभर झाल्या. माशी मात्र आली तशी आरामात निघून गेली.

चिठ्ठ्या सगळ्या सापडल्या (शेवटची मावशींच्या अंबाड्यात). पण कुठली कुणाची? चिठ्ठी नसलेली माशी म्हणजे नुसती मेलेली माशी, हेही तुमचंच. मग मी डोकं चालवलं. अंगभर लव असलेल्या डोंगरावर पाठवल्या, त्यांना थंडी वाजत असणार. लांब सोंडेच्या नदीकाठी, पाणी प्यायला सोयीचं. काळ्या पंखांच्या गर्द झाडीत, रंग खपून जाईल. उरलेल्या अकराजणींना उरलेले अकरा पत्ते वाटले आणि खण बंद केला. झाकली मूठ!

ती मंगळवारी उघडली. माश्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या, त्यांनी खण पाहिला आणि खुर्चीतच बसल्या. 'अहो, ही तर उघड्या तापल्या वाळूशिवाय कुठे राहत नाही, आणि ही ओल्या घळीत सापडली? कुणाला?' मी छाती काढून तुमचं नाव सांगितलं. बाई आता हा शोध तुमच्या नावाने छापणार आहेत. पुढच्या गुरुवारी फोटो काढायला येतील.

काका, तेव्हापासून माझ्या तोंडची चव गेली आहे. लहानपणी तुम्ही मला उन्हात पोटावर झोपवून दाखवलं होतंत, की ही माशी शेपटीत वाळू भरते, तिच्यात अंडं घोळवते आणि जमिनीत बीळ करून राहणाऱ्या एकट्या मधमाशीच्या दारात उडता उडता फेकून जाते. म्हणून हिचं घर विचारायचं नाही, हिच्या यजमानिणीचं विचारायचं, म्हणाला होतात. जमीन चुकली की सगळंच चुकलं. तुमची चाळीस वर्षं मी एका दुपारीत खोटी केली, आणि वर त्या खोटेपणाला तुमचं नाव लागणार. मला फार लाज वाटते. रागवायचं तितकं रागवा, पण तब्येत सांभाळून.

तुमचा पुतण्या (वय बेचाळीस, अजून कान धरण्याजोगा)

ता. क. पंखा मावशींनी लावला हे खरं. पण 'लावा, लावा, पाचावर लावा!' असं स्टुलावरून ओरडणारा मी होतो. मावशी बिचाऱ्या नकोच म्हणत होत्या.

ता. क. दुसरा. बाईंना आज सकाळी सगळं खरं सांगून टाकलं. त्या आधी चिडल्या, मग खूप वेळ हसल्या आणि म्हणाल्या, गुरुवारी तुमच्या काकांनाच बोलवा. तुमच्या वह्या हव्या आहेत, काका. तुम्ही माशीचं चित्र काढायचात आणि शेजारी काकू जागा लिहायची, त्या. काकू गेल्यापासून ती पेटी तुम्ही उघडलेली नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच पत्राला विशेष कारण नाही असं लिहिलं. वह्या पोस्टाने पाठवू नका, स्वतः घेऊन या. मी गाडी घेऊन येतो, तुमच्यासाठी टेबल खालच्या मजल्यावर आणवलंय. पंखा बंद ठेवीन.

ता. क. शेवटचा. एका माशीचा पत्ता मात्र मला अंदाजाने द्यावा लागला नाही. तिचा डावा पंख फाटका आहे, पिठाच्या चाळणीने पकडल्यावर दुसरं काय होणार. तिची चिठ्ठी अशी: 'आपलं मागचं अंगण, नळाजवळची कोरडी माती. मी पकडली. हे सगळ्यांना सांगतात, आम्ही पकडली.'