वेलींचा ताप

आई, आज एका विद्यार्थिनीनं मला उपग्रहानं टिपलेलं द्राक्षबागेचं चित्र दाखवलं. तहानलेल्या वेली त्यात तांबड्या, बाकीच्या निळ्या. ती उत्साहानं समजावून सांगत होती आणि मी मात्र केव्हाच आपल्या गावी, चांद्याच्या बागेत जाऊन पोचले होते.

ऐंशीनंतरची ती वर्षं. सगळा मुळशी तालुका भात लावायचा आणि तू विहिरीजवळच्या मुरमाड तुकड्यात द्राक्षं लावलीस. मावशीकडे नाशिकला बाग बघून आलीस आणि हट्टच धरलास. अण्णांनी ऐकून घेतलं. मग एका वर्षी घड धरले, पण उन्हं तापायला लागली तरी वरच्या अंगाच्या ओळींचे मणी फुगेनात. विहिरीचं पाणी सगळ्या बागेला पुरत नव्हतं. "या खेपेला घड भरलं न्हाईत, तर मांडवाचं खांब उपटून भुईमूग लावतो," अण्णा म्हणाले. तव्यावरची भाकरी करपली. तुझी भाकरी करपलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

मी शेतकी कॉलेजात नुकतीच नोकरीला लागले होते. आमच्या विभागात एक यंत्र आलं होतं, पानाला हात न लावता लांबूनच त्याचं तापमान सांगणारं. सरांची परवानगी काढून रविवारी मी ते एसटीनं घेऊन आले, मांडीवर तान्ह्या बाळासारखं धरून. तू दारातच थबकलीस.

"पोलिसात लागलीस का काय? बंदूक हाय ती?"

"ताप बघायचं यंत्र आहे, आई. वेलींचा."

"मंग आदी माझा बघ."

आणि मग तू थांबेचनास. माझं कपाळ, गाईची पाठ, चुलीमागची भिंत, अण्णांचं टक्कल! दर वेळी मागच्या काचेत लाल आकडे उमटायचे आणि तू लहान पोरीसारखी हसायचीस. माठावर धरलंस तेव्हा मात्र आकडा एकदम खाली आला. तू माठाला हात लावून पाहिलास. "माठ पाझरतोय म्हणून गार. पान बी पाझरतंय व्हय?" मी म्हटलं, हो, पाणी मिळालं की पाझरतं आणि गार राहतं, नाही मिळालं की तोंड मिटून घेतं आणि तापतं.

भर दुपारी आपण दोघी बागेत उभ्या आहोत. वरच्या आणि खालच्या ओळी दिसायला सारख्याच हिरव्या. मी यंत्र रोखते, तू आकडे मोठ्यानं वाचतेस. खालच्या, ओढ्याकडच्या ओळी गार. वरच्या तापलेल्या, हवेपेक्षाही. खालच्यांचं पाणी थोडे दिवस वर दे, मी सांगते. तुला ते पटत नाही. "पंगतीत एकाला वाढायचं नि दुसऱ्याला न्हाई? माज्यानं न्हाई व्हायचं."

"अगं, खालच्यांची पोटं भरलेली आहेत."

तू बराच वेळ त्या वेलींकडे बघत राहतेस, माफी मागावी तशी. मग पदर खोचतेस, खोरं घेतेस आणि खालच्या ओळींच्या पाटाचं तोंड मातीनं बुजवून टाकतेस.

पुढं मी पुन्हा यंत्र घेऊन आले तेव्हा वरच्या वेली गार झाल्या होत्या, खालच्याही सुकल्या नव्हत्या. मणी फुगत गेले. एका सकाळी अण्णा एकेक घड तळहातावर तोलत उभे होते. "खांब ऱ्हाऊ द्या," तुझ्याकडं न बघताच म्हणाले. तू इतकी हसलीस की डोक्यावरचा पदर घसरला. लगेच घड तोडायला घेतलेस, पाट्या भरल्यास आणि घरोघर वाटत सुटलीस. एसटीच्या कंडक्टरलाही घड दिलास. त्यातला तुझ्या वाट्याला एक मणीही उरला नाही.

हे पत्र टाकायला आता तुझा पत्ता नाही, म्हणूनच लिहायचा धीर होतोय. तुला दम निघाला नाही, आई, घाई केलीस. ती द्राक्षं आंबट होती, चांगलीच आंबट. गावात कुणीच तुला ते कळू दिलं नाही. अण्णांनी तर दुसरा घड मागून घेतला.