खर्जाच्या रांगेतला गुंऽऽ

मंगळवार, ५ नोव्हेंबर
आजच्या तालमीत कीन्त्सलेमास्तरांनी काठी टेबलावर आपटली. म्हणाले, गाणं मध्ये थांबतं तेव्हा चिडीचूप शांतता हवी, तर कुणीतरी गुंऽऽ करतंय! तेही खर्जाच्या रांगेतून. त्या रांगेत मी एकतीस वर्षं बसतोय, त्यामुळे फार वाईट वाटलं. माणसाने इतकं बेजबाबदार असावं? तिथल्या तिथे मी ठराव मांडला: जो सापडेल त्याने नाताळाआधीच्या ॲडव्हेंटच्या मैफलीत गायचं नाही, चर्चबाहेर गरम वाईन विकायची. एकमताने मंजूर. इतिवृत्तात नोंद. तालमीचं रेकॉर्डिंग ऐकून चोर मीच शोधणार. गायनमंडळात माझ्याइतके तिखट कान कुणाचे नाहीत.

गुरुवार, ७ नोव्हेंबर
घरचे कॉम्प्युटर स्पीकर म्हणजे डबडी. नवे आणले, आतच ॲम्प्लिफायर असलेले, पाच इंची. रोझविथा म्हणाली, हेडफोन आहेत ना घरात? बायकोला खर्जातलं काय कळतं.
दुपारी ३.३०. जोडले. कान लावून बसलो. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधीच गुंऽऽ! नवेकोरे स्पीकर आणि ही तऱ्हा.

शनिवार, ९ नोव्हेंबर
केबल बदलली. सॉकेट बदललं. लॅपटॉपचा चार्जर उपटला. गुंऽऽ जसाच्या तसा. आता शास्त्रशुद्ध नोंदी ठेवतोय. कॉफी पिताना आवाज बंद. रोझविथाशी भांडताना बंद. दोन्ही वेळा स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. दाराचा काहीतरी संबंध आहे.
रोझविथा म्हणते, तू बाहेर गेलास की काही वाजत नाही. अर्थात! ऐकणारे कानच बाहेर गेल्यावर वाजणार काय?

बुधवार, १३ नोव्हेंबर
स्पीकर परत करायला गेलो. दुकानातल्या बाईंनी लावून दाखवले. एकदम शांत. मग मी वाकून कान लावला, आणि गुंऽऽ! पाहा, म्हटलं, पाहा! त्या म्हणाल्या, पाहतेच आहे. आणि स्पीकर सोडून माझ्याकडेच पाहत राहिल्या. दुकानाचं अर्थिंगही गेलेलं आहे.
लहान खोलीला पाच इंची मोठे पडतात असं त्यांचं मत. तीन इंची घेतले. खाली ठेवायला रबराच्या चकत्याही.

सोमवार, १८ नोव्हेंबर
तीन इंचीही तसलेच. परत. आता तिसरी जोडी: स्टुडिओवाली, जाड केबलची. हिच्यात बाहेरची घरघर शिरूच शकत नाही, असं खोक्यावर लिहिलंय. लावली. गुंऽऽ आहेच, पण आता काय स्वच्छ ऐकू येतो! पैसे वसूल.
त्यातच नेटाने रेकॉर्डिंग ऐकलं. चोर जवळपास सापडला. माझ्या डावीकडे विल्फ्रीड बसतो, उजवीकडे गॉटलोब. आवाज येतो तो बरोब्बर दोघांच्या मधून. म्हणजे दोघं मिळून करतात! एवढी जुनी मैत्री, आणि हे धंदे. पण स्पीकरची घरघर गेल्याशिवाय नावं घेणं बरं नव्हे.

बुधवार, २० नोव्हेंबर
दोष इमारतीच्या वायरिंगमध्ये आहे. जिन्यात नोटीस लावली: शनिवारी दुपारची शांततेची वेळ संपली की ठीक तीन वाजता आठही घरांनी दहा मिनिटं मेन स्विच बंद करावा. सहीसाठी चौकोन आखले. वरच्या श्लॉटरबेकबाईंनी खाली लिहिलं, फ्रीझरमधली बोरं वितळली तर भरून देणार का? पण सही केली. संध्याकाळपर्यंत आठही सह्या. आमच्या इमारतीत चौकोन रिकामा ठेवायची कुणाची छाती नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर
३.००. सगळी इमारत बंद. सगळे जिन्यात उभे, माझं दार उघडं.
३.०२. वीज नाही, तरी गुंऽऽ! धावत बाहेर आलो आणि जाहीर केलं की दोष रस्त्याखालच्या लाइनीत आहे, नगरपालिकेला लिहावं लागेल. बोलणं संपवून मी पुन्हा कान टवकारले. गुंऽऽ जिन्यातही येत होता.
३.०४. रोझविथाने पिशवीतून ब्रेझेलचा वेटोळा पाव काढला आणि माझ्या तोंडात कोंबला. आवाज थांबला. तिने तो ओढून काढला. आवाज सुरू. पुन्हा कोंबला. श्लॉटरबेकबाईंनी टाळ्या वाजवल्या.
योगायोग. मात्र श्लॉटरबेकबाईंचा नवरा आमच्याच मंडळात वरच्या पट्टीत गातो, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही.

मंगळवार, २६ नोव्हेंबर
तालमीत मी स्पष्ट सांगितलं, ब्रेझेल हा पुरावा नव्हे. विल्फ्रीड म्हणाला, अरे बाबा, आम्हाला वीस वर्षांपासून माहीत आहे, तुला वाईट वाटेल म्हणून गप्प होतो. मास्तर म्हणाले, फोल्कमार, मीही सोडून दिलं असतं रे, पण ठराव तुझाच आहे. मतदान झालं. सवयीने माझाही हात वर गेला. एकमताने मंजूर.
एकतीस वर्षांत एकही मैफल चुकवली नव्हती. ट्राममध्ये डोळ्यांत पाणी आलं. हीटर फार तापवतात.

रविवार, १ डिसेंबर
चर्चच्या पायरीशी वाईन विकली. थंडी मरणाची. आत गाणं सुरू झालं. मी पळीने माप देत होतो आणि माझ्या ओळी मनात म्हणत होतो. मनातच. पहिल्या विरामात मात्र पातेल्यातून गुंऽऽ. शेगडी बंद केली, तरी चालूच. दाराजवळच्या दोघांनी वळून पाहिलं. मंडळाला नवी शेगडी घ्यायला लिहिणार आहे.
दुसरा विराम सर्वांत मोठा, आणि मास्तरांचा सगळा जीव त्यातच अडकलेला. तो जवळ आला तसा मी ब्रेझेल उचलला आणि तोंडभर घास घेतला. काय शांतता पडली! इतक्या वर्षांत अशी ऐकली नव्हती. विराम संपेपर्यंत मी चावत राहिलो. भूक लागली होती, बाकी काही नाही.