आईचं ‘तुम्ही’

४ फेब्रुवारी, मंगळवार

आईनं आज मोज्याला नाव ठेवलं — मोजेराव! नावं ती पूर्वी सगळ्यांनाच ठेवायची. पण बाबा गेल्यापासून तिनं कुणाला एक वाकडा शब्द म्हणून उच्चारलेला नाही. म्हणून हे लिहून ठेवतेय.

डॉक्टर सुरुवातीलाच म्हणाले होते, गोळ्यांनी झोप येईल, भूक लागेल. बोलण्यासाठी दुसरी वाट बघू. ती वाट रुग्णालयाच्या मागच्या खोलीत निघाली. लांब टेबल, डबाभर बटणं, लोकर, डिंक आणि जोडीदार हरवलेले मोजे. तिथे ज्या बाई उपचार करतात त्यांना मी मनात बाहुलीताई म्हणते. माझ्याहून लहान असतील, पण दरारा आहे. त्यांचा नियम एकच — बोलायचं ते बाहुलीनं बाहुलीशी. मागच्या माणसाकडे बघायचंसुद्धा नाही.

मला हसू आलं होतं. माझी आई, जन्मभर गणित शिकवलेली, जिचा आवाज तीन वर्ग पलीकडे ऐकू जायचा, ती मोज्याशी बोलणार? पण आज तिनं त्याला दोन डोळे लावले, एक हिरवा, एक काळा. बाहुलीताईंनी नाव विचारलं तर लगेच म्हणाली, मोजेराव.

परत येताना रिक्षात मला म्हणाली, “तुम्ही दमला असाल.”

५ फेब्रुवारी, बुधवार

हे ‘तुम्ही’ एकदा नीट लिहून टाकते.

आईची स्मरणशक्ती शाबूत आहे. डॉक्टरांनी दोनदा तपासली. मी कोण, माझा वाढदिवस कधी, लहानपणी मी किती वेळा चष्मा फोडला — सगळं पाठ. पण बाबांचे दिवस झाल्यापासून ती मला ‘तुम्ही’ म्हणते. तुम्ही जेवलात का, तुम्ही बसा, तुमचा डबा भरून ठेवलाय. जन्मापासून ‘अगं ए ढापणे’ ऐकलेली मी! आधी गंमत वाटली. दादा फोनवर म्हणाला, चला, उशिरा का होईना, आईला वळण लागलं. मग त्यालाही ‘तुम्ही कसे आहात’ आलं.

घरात पाहुणी म्हणून राहतेय असं वाटतं. ‘तू’ ऐकायचंय. बास, एवढंच हवंय मला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कामावर, चष्म्याच्या दुकानात, एका आजोबांना नवा चष्मा लावून दिला. बायकोकडे बघून म्हणाले, “तू होय!” आजी लाजल्या. माझ्या हातातल्या दुसऱ्या फ्रेमची दांडी वाकडी झाली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज मला दाराजवळच्या खुर्चीत बसू दिलं.

बाहुलीताईंच्या हातात फडक्याचा कावळा होता. तो उगाचच बडबडत होता, हे नको, ते नको. मोजेराव बराच वेळ ऐकून घेत राहिले. मग आईचा आवाज आला — तिचा जुना, वर्गातला आवाज — “तू किती काव काव करतोस रे!”

तू! रे!

आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण हेवाही वाटला. फडक्याच्या कावळ्याचा हेवा! कुणाला सांगितलं तर मलाच आत भरती करून घेतील.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

माती खाल्ली. स्वतःच्या हातानं.

बाहुलीताईंनी मलाही बाहुली करायला सांगितलं होतं. मी दुकानातली लहान मुलांची मोडकी फ्रेम नेली आणि एका निळ्या मोज्याला लावली. नाव ढापणी. तिला बघून आईच्या ओठांचा कोपरा हलला, मी पाहिलं. मोजेराव पुढे झाले, ढापणीला खालून वरून न्याहाळलं आणि म्हणाले, “चष्मा तिरका बसलाय तुझा. कुणी बसवला?”

तुझा!

मला राहवलं नाही. हातातला मोजा काढून टाकला आणि म्हटलं, आई, मीच आहे गं, मला म्हण ना एकदा तू.

आईचा हात खाली आला. तिनं मोजेराव काढले, नीट घडी केली, टेबलाच्या कडेला ठेवले. मग माझ्याकडे बघून अगदी प्रेमानं म्हणाली, “तुम्ही त्रास करून घेऊ नका.”

बाहुलीताई रागावल्या नाहीत. निघताना एवढंच म्हणाल्या, “त्या ढापणीशी बोलत होत्या. तुम्ही मध्ये आलात.”

१९ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर हातातून स्क्रू निसटत होते. मालक म्हणाले, आज तुमचं लक्ष नाही, घरी जा. गेले नाही. लवकर गेले असते तर ‘तुम्ही लवकर आलात’ ऐकावं लागलं असतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मला वाटलं होतं आई आता जाणारच नाही. पण सकाळी माझ्या आधी तयार! मी आपणहून बाहेरच्या बाकावर बसले. आतून काहीच ऐकू आलं नाही. शेवटी एकदा कावळा हसला. सुटल्यासारखं वाटलं.

४ मार्च, मंगळवार

आजचं नीट लिहायचंय.

बाहुलीताईंनी खोलीत दोरी बांधून चादर टाकली होती. अलीकडे मी, पलीकडे आई, कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. चादरीच्या वर फक्त मोजेराव आणि ढापणी. मला बजावलं होतं, काही झालं तरी चादर उचलायची नाही.

मोजेरावांनी ढापणीला यथेच्छ झापलं. पसारा करतेस, वेळेवर जेवत नाहीस, केस बघ कसे झालेत. मोज्याला केस कुठले! ढापणी हो हो म्हणत राहिली. असं झापून घेण्यात काय सुख असतं ते मलाच ठाऊक.

मग मोजेराव एकदम थांबले.

“तू बाहेर जाऊ नकोस,” म्हणाले.

का, असं ढापणीनं विचारलं.

“आमच्या घरी एक माणूस होता. चपला घालून दारात बडबडत उभा राहायचा. त्या दिवशी मी म्हटलं, जा रे एकदाचा. तो गेला.” आईचा आवाज आता बारीक झाला होता. “तू म्हणून, हक्कानं बोललं की माणसं जातात.”

बाबा बल्ब आणायला गेले होते. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही पोचले नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, घरात बसले असते तरी हृदय थांबलंच असतं. आईनं ते शांतपणे ऐकून मान हलवली होती. दोघं कॉलेजपासूनची अरेतुरेतली. निघतानाचं ते बोलणं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही.

मला चादर फाडून पलीकडे जावंसं वाटलं. गेले नाही. ढापणीला उंच धरलं आणि तिच्या आवाजात म्हटलं, “मी मोजा आहे. मी कुठे जाणार? फार तर धुवायला.”

पलीकडे आई हसली. मग रडली. मग दोन्ही एकदम. मीही अलीकडे तेच करत होते. कावळा चोचीत रुमाल घेऊन आधी तिकडे गेला, मग इकडे आला. तोच रुमाल!

इतके दिवस मला वाटत होतं, आईनं मला परकं केलं. ती तर मला जपत होती. घरात ‘तुम्ही’ ऐकून किती चिडले मी!

८ मार्च, शनिवार

दादाला फोनवर सांगितलं, आई मोज्यातून बोलते, माझ्या मोज्याशी. म्हणाला, मलाही एक मोजा शिवून पाठव.

११ मार्च, मंगळवार

आई अजून मला ‘तुम्ही’च म्हणते. असू दे. आता ते कानाला बरं वाटतं. संध्याकाळी मोजेराव आणि ढापणी एकाच दोरीवर वाळत घातले.

२० मार्च, गुरुवार

सकाळी उशीर झाला होता. तरी चपला घालून दारातच उभी राहिले आणि दादाच्या मोज्याला दाढी लावायची की मिशी, हे सांगत बसले. बाबांसारखीच की — आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

स्वयंपाकघरातून आवाज आला, “ढापणे, जा गं एकदाची!”

मग भांडं पडलं. मग काहीच नाही. नळसुद्धा बंद झाला.

आत धावत जाऊन तिला मिठी मारावीशी वाटली. पण ती बोलत असताना मध्ये यायचं नाही, हे आता कळतं. “येते गं,” म्हटलं आणि गेले. आज प्रत्येक रस्ता जपून ओलांडला.

संध्याकाळी मी बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं.

“आलीस,” आई म्हणाली.