पाण्याकडे वळलेलं शेपूट

१२ एप्रिल, बारामती
आले एकदाची! निवृत्त मुख्याध्यापिकेला पुण्यात कुत्रं विचारत नाही. इथे माझ्या भाचीने, आसावरीने, चक्क कामाला लावलं. ती 'हेर मानकर' ही साप्ताहिक चित्रकथा काढते. मानकर दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर बनून हेरगिरी करतो. चित्रं आधी होतात, संवादांचे फुगे रिकामे असतात. ते मी भरायचे. नियम एकच: फुग्याचं शेपूट ज्याच्या तोंडाकडे, बोलणं त्याचं. जुन्या भागात मानकर पिस्तूल रोखून शत्रूला 'प्लीज हात वर करा' म्हणतो. कॉन्व्हेंटात नन्सनी शिष्टाचार मलाही शिकवले, पण पिस्तूल हातात असताना प्लीज कसलं? खोडलं. आसावरी दिवसभर बडबडते, गाते. तिच्याशिवाय मला आहे कोण?

१९ एप्रिल
आसावरी पळसदेवला जाऊन आली. उजनी धरणाचं पाणी उतरलंय, जुनं देऊळ वर आलंय; पुढची झटापट तिथेच. पान झकास, पण एका फुग्याचं शेपूट सरळ पाण्यात! तिथे माणूसच नाही. मी झापलं, तर म्हणते हे मी काढलंच नाही. स्वयंपाकाच्या छबूबाई डोकावून म्हणाल्या, "पाण्यात कोन तरी हाय की. न्हायतर शेपूट कशाला जाईल तितं?" वैतागून मी फुग्यात लिहिलं: 'मला बोलू द्या.'

२१ एप्रिल
माझी ओळ फुग्यात नाही. पुसलेली नाही, खरवडलेली नाही. आसावरीचा घसा बसलाय. डॉक्टर म्हणतात, दोष काहीच नाही. मग शिकलात काय, असं मी त्यांना विचारलं.

२३ एप्रिल
तिचा आवाज पूर्ण गेला. दुपारी माझ्याकडे बघून ओठ हलवले. आणि टेबलावरच्या पानात, त्याच फुग्यात अक्षरं उमटली: 'मावशी, पाणी दे.'
तिचं बोलणं तिकडे जातंय.

२४ एप्रिल
छबूबाई काम सोडून गेल्या. जाताना म्हणाल्या, "त्ये पान जाळा, बाई." कोपरा पेटवला मात्र, आसावरी कळवळली. विझवलं. तिच्या ओठांवर फोड.

२५ एप्रिल
शेपूट पांढऱ्या रंगाने झाकलं. तिचा श्वास अडकला, निळी पडली — मी नखांनी रंग खरवडला. फुग्यात: 'मावशी, इथे फार थंड आहे.'
ती तर माझ्यासमोर खुर्चीत — इथे म्हणजे कुठे?

२६ एप्रिल
नियम एकच. शेपूट वळवायचं. तिचं चित्र काढून तिच्याकडे? तीच पानात गेली तर — नको. माझ्याकडे वळवते. चौकटीबाहेर, मी बसलेय तिथे. माझं बोलून झालंय आयुष्यभर.

वळवलं. बोलली! "मावशी!" खणखणीत. मी ओ दिली — तोंडातून हवा फक्त. ओ फुग्यात उमटली. चालेल. ती वाचून हसली, रडली.

शेपूट हलतंय. परत पाण्याकडे. फुग्यात, माझ्या अक्षरात, मी न म्हटलेलं: 'आसावरी, जवळ ये.'
तिला वाटतंय मीच — ती पानावर वाकतेय —
आसावरी, ते मी नाही, इकडे बघ, या वहीत बघ, इक—